निजतानाचं दूध

"भाभी, निजायच्या टायमालाच द्या बरं का. आत्ता दिलं तर काय उपेग न्हाई," असं म्हणत जहाँआरानं थर्मास ओट्यावर ठेवला. उगमबाईला आधी वाटलं, कसला तरी काढा असेल. तिचा नवरा फतेचंद गोदामाच्या पायरीवरून पडून खुब्याचं हाड मोडून घेऊन बसल्यापासून अर्धा आळेफाटा हाडवैद्य झाला होता; कुणी पाला आणून देई, कुणी तेल, कुणी नुसताच सल्ला. म्हणून तिनं सहज विचारलं, कशाचं आहे. "कशाचं म्हंजे? दूध. भाऊंचं नेहमीचं. जायफळ वाईच जास्त घातलंय, दुखण्यात झोप येत नसंल म्हनून," जहाँआरा म्हणाली आणि पदरानं मानेवरचा घाम पुसत पाटावर टेकली. उगमबाईचा हात भांड्यांच्या टोपलीत होता, तो तिथंच राहिला. जहाँआराचे भाऊ म्हणजे तिचेच फतेचंद, यात काही शंका नव्हती. दोन्ही दुकानांची भिंत एक. इकडे फतेचंदचं किराणा-मसाल्याचं, तिकडे जहाँआराच्या नवऱ्याचं, राजमहंमदचं, गाद्या भरायचं. शंका होती ती 'नेहमीचं' या शब्दाची, आणि ती विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर आपल्याला ठाऊक नाही हे कळलं असतं.

जहाँआराला कसली सोय-गैरसोय. ती बोलत सुटली. तुमच्यात रात्री जेवत नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण दूध चालतं असं भाऊच म्हणाले होते. दुकान बंद झालं की भाऊ आणि आमचे हे कापसाच्या ढिगावर टेकायचे, ही घरून दोन गिलास पाठवायची, नाहीतर स्वतः घेऊन जायची. "साखर वाईच कमी, आन् साय काढून. साय आवडत न्हाई भाऊंना. लई वर्सं झाली बघा, आमची अमरीन शाळेत व्हती तवापासनं." आता अमरीनला दोन पोरं होती. "मी म्हनायची, भाभीला पन पाठवू का एक गिलास? तर म्हनायचे, नको, उगमनं पाठ टेकली की तिला जगाची शुद्ध न्हाई. तिची झोप कशाला मोडायची." आणि जहाँआरा कौतुकानं हसली. "नशीबवान हाये भाभी तुमी. बाईमानसाला आशी झोप कुठं मिळती!" उगमबाई हसली. हसावंच लागलं. मग जहाँआरा उठली, भाऊंना भेटायला आत डोकावली, ते डोळे मिटून पडले होते म्हणून तशीच पायऱ्या उतरून गेली. उगमबाई थर्मासकडे बघत उभी राहिली. स्टीलचा, झाकणाला पोचा आलेला साधा थर्मास होता.

जगाची शुद्ध नाही! तिला वाटलं, हे वाक्य कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर आपण खदखदून हसलो असतो. गेली कित्येक वर्षं या आळेफाट्यावर रात्री काय काय होतं ते तिच्याइतकं पोलिसांनाही ठाऊक नसेल. नाशिककडे जाणारी पहिली रातराणी कधी वळते, टोमॅटोच्या गाड्या किती वाजता गिअर पाडतात, समोरच्या गॅरेजातलं कुत्रं कुणावर भुंकतं आणि बिबट्याचा वास आला की कसं एकदम गप्प बसतं, हे सगळं तिनं पलंगाच्या डाव्या कडेला पडून ऐकलं होतं. उजव्या कडेला फतेचंद घोरत असे. लग्नाला चाळीस वर्षं होत आली आणि या माणसाला आपण झोपतो की जागतो हे माहीत नसावं? की माहीत होतं आणि राजमहंमदला सांगायला ते वाक्य बरं पडत होतं? यातलं कोणतं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

हितेश अवसरीला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात गेला त्या वर्षीच्या चातुर्मासात त्यांनी नियम घेतला होता. चौविहाराचा, आणि तोही जन्मभराचा. सूर्य मावळला की उगवेपर्यंत अन्न नाही, दूध नाही, औषध नाही, पाण्याचा थेंबही नाही. पोरगा होस्टेलवर गेल्यानं घर रिकामं झालं होतं आणि रिकाम्या घरात माणसाला काहीतरी मोठं करावंसं वाटतं. महासतीजींनी, चातुर्मासाला आलेल्या जैन साध्वींनी, स्थानकात सगळ्या समाजापुढे समजावून सांगितलं होतं, दुखण्याखुपण्याची सूट ठेवून घेतला तरी नियम नियमच असतो, वय होत जाईल, विचार करा. उगमबाई मनातल्या मनात सूट ठेवूनच बसली होती. पण फतेचंद भरल्या सभेत उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "आम्ही जोडीनं घेतो. सूट न ठेवता." आम्ही! तिला विचारलं कुणी होतं? सभेत जयजयकार झाला. शाल आली, माळ आली, नारळ आले, फोटो झाला. त्या फोटोत फतेचंद कॅमेऱ्याकडे बघतोय आणि ती त्याच्याकडे. तेव्हापासून मंचरपासून ओतूरपर्यंत कुठल्याही कार्यात गेलं की बायका आपल्या सुनांना सांगत, या उगमबाई, सूट न ठेवता चौविहार आहे दोघांना. आणि खोटं कशाला बोला, तिलाही ते ऐकायला आवडत असे.

झोप गेली ती त्यानंतरच्या एकदोन वर्षांत. नियमानं गेली की वयानं, हे सांगता यायचं नाही. पिंपळवंडीला माहेरी असताना तिच्या झोपेची थट्टा व्हायची. वडिलांचं गावात एकच किराणा दुकान, त्यामागे दोन खोल्या, आणि माहेरात एवढे कडक नियम नव्हते. आई निजताना पितळी पेल्यातून दूध द्यायची, त्यात सहाणेवर उगाळलेलं जायफळ, दोन वळसे, जास्त नाही. जास्त झालं की पोर दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगतं. दुधाचा पेला संपायच्या आत डोळे मिटायचे आणि आई हातातून पेला काढून घ्यायची. पेला हातातून सुटतानाचं ते हलकेपण तिला अजून आठवत होतं. नारायणगावच्या डॉक्टरकडे ती पहिल्यांदा गेली तेव्हा त्यानंही तेच सांगितलं. "निजण्याआधी अर्धा तास कोमट दूध घ्या, मावशी. पोट जरा भरलेलं हवं, घसा ओला हवा. तुम्ही सहालाच जेवता, रात्रभर कोरड्या राहता, मग दोन वाजता जाग येणारच." ती म्हणाली, मला चालत नाही. डॉक्टर म्हणाला, मग संध्याकाळी घ्या. तिनं तेही करून पाहिलं. सूर्यास्ताआधी घाईघाईनं घशाखाली लोटलेलं दूध झोपेच्या वेळेपर्यंत थांबतंय कुठं? उलट संध्याकाळी दिवसभराच्या पापांची क्षमा मागायला प्रतिक्रमणाला बसलं की नेमकी तेव्हा मान डुलायची, शेजारच्या बायका कोपर मारायच्या, आणि गादीवर पडलं की डोळे टक्क. गोळीचंही तेच झालं. उन्हातच गोळी गिळायची, दिवेलागणीला जिभेला जडपणा यायचा आणि मध्यरात्री घसा चुलीसारखा तापून ती उठून बसायची. मग एक दिवस फतेचंदनं गोळ्याच बंद करायला लावल्या. "मन स्वच्छ असलं की झोप येते, उगम," तो म्हणाला होता. "मला बघ."

तिनं बघितलं होतं ना! रोज बघितलं होतं. प्रतिक्रमण झालं की तो म्हणे, शटर बघून येतो. शटर काय बघायचं असतं रोज, हे तिनं कधी विचारलं नाही. व्यापारी माणूस, कुलूप ओढून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, एवढंच. तास-पाऊण तासानं यायचा आणि गादीला पाठ लागताच त्याचा श्वास लांब व्हायचा. त्याच्या अंगाला जायफळाचा वास यायचा. पण मसाल्याच्या दुकानदाराच्या अंगाला कशाचा वास येत नाही? हिंग, जिरं, वेलदोडा, दगडफूल, सगळंच त्याच्या सदऱ्यात मुरलेलं. चाळीस वर्षं ती तो वास धुत आली होती आणि तो जायचा नाही. मग ती अंधारात डोळे उघडे ठेवून स्वतःचं मन चाचपायची. कुठं घाण आहे? नणंदेच्या बांगड्यांवरून एकदा खोटं बोलले होते, ते? सासू गेली तेव्हा मनात बरं वाटलं होतं, ते? एकेक काढून ती त्याची क्षमा मागायची. वर्षानुवर्षं मागायची. पापं संपत आली, तिला नवी शोधावी लागायची, आणि झोप काही यायची नाही.

घरात बाकीच्यांचं मात्र निजतानाचं काहीतरी असायचंच. सून रिद्धी कसल्याशा सुकलेल्या फुलांचा चहा ऑनलाइन मागवायची. गरम पाण्यात पुडी बुडवली की गवत भिजल्यासारखा वास सुटायचा, आणि तो पिऊन ती एक वाजेपर्यंत फोन बघत पडायची. हितेश कॉफी प्यायचा. कॉफीनं झोप उडते म्हणतात, पण हा कप ठेवायचा आणि घोरायचा, बापाचं रक्त. नात रिंकूला चॉकलेटची पावडर घातलेलं दूध लागायचं. ते करायचं काम उगमबाईचं. पातेलं, साखर, पावडर, ढवळ, ओत. बोटाला लागलेला थेंबसुद्धा ती पदराला पुसायची, चुकून जिभेला लागायचा म्हणून. रिंकू एकदा म्हणाली, "दादी, तू पण पी ना, तुला रात्री भूत दिसतं ना म्हणून तू बसून राहतेस." सगळे हसले. रिद्धी म्हणाली, "म्हातारपणी झोप कमीच लागते माणसाला, मम्मी. तुम्ही फार मनावर घेता." फतेचंद हसला नव्हता. तो गंभीरपणे म्हणाला होता, "त्यागाला किंमत असते, बेटा." आणि शटर बघायला खाली उतरला होता.

हे सगळं एक वेळ तिनं गिळलं असतं. माणूस म्हटला की चोरून खातोच. बाजारपेठेतले किती धर्मात्मे अंधार पडल्यावर भेळेच्या गाडीशी दिसतात, कुणाला ठाऊक नाही! पण ओट्याशी उभी असताना तिला ती तापाची रात्र आठवली. चिकनगुनियाची साथ आली होती तेव्हाची गोष्ट. तिच्या सांध्यासांध्यात खिळे ठोकल्यासारखं झालं होतं, ओठांची सालं निघत होती, आणि रात्री तिनं पाणी मागितलं होतं. मागितलं म्हणजे भीक मागितली. एक घोट. नुसतं तोंडात फिरवून टाकते म्हणाली. फतेचंद उशाशी बसला होता. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाला, "सूट न ठेवता घेतलाय आपण, उगम. आता उजाडेलच. मी पण तुझ्यासारखाच कोरडा आहे ना? दोघं मिळून काढू." आणि खरोखरच तो बसून राहिला. डुलक्या घेत, पण बसून राहिला. उजाडल्यावर, नियम पुरा झाल्यावर, त्यानं स्वतःच्या हातानं तिला पाणी पाजलं. हीच रात्र तिनं तेव्हापासून सोन्यासारखी जपून ठेवली होती. नवरा म्हणून त्यानं काय दिलं असं कुणी विचारलं असतं, तर तिनं घर, दागिने, हितेश यातलं काही सांगितलं नसतं, ही रात्र सांगितली असती. दोघं एकाच तहानेनं कोरडे पडून होतो, असं तिला वाटत आलं होतं. आता तिला आठवलं, तो वाकून बोलला तेव्हा जायफळाचा वास आला होता. आणि अंगाला, सदऱ्याला नव्हता तो. तोंडाला होता.

थर्मासचं झाकण उघडून तिनं वास घेतला. तोच. मग तिनं झाकण घट्ट लावलं आणि पातेली घासायला घेतली. घासून झालेलीच पातेली तिनं पुन्हा घासली. राग येत होता, पण तो धड येत नव्हता. मध्येच रडू यायचं, मध्येच जहाँआराचं 'साय काढून' आठवून हसू यायचं. घरात तो सायीचं दही खायचा, तूप खायचा. दुधावरची साय आवडत नाही, हे तिला ठाऊकच नव्हतं. एका परक्या बाईला ठाऊक होतं. त्या घरातलं दूध पिऊन तो बाटला की काय, असला विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. समाजात मात्र हे फुटलं असतं तर नियम राहिला बाजूला, आधी दूध कुणाच्या घरचं यावरच सगळे तुटून पडले असते. आणि त्यात बिचारी जहाँआरा भरडली गेली असती. तेव्हा बोलायचं तर नव्हतंच.

आतून हाक आली. फतेचंदची झोप उडाल्याला आता आठवडा होऊन गेला होता. पुण्याच्या दवाखान्यात होता तोवर गुंगीच्या औषधांनी झोपला. तिथंही त्यानं रात्री पाणी घेतलं नाही, सगळी औषधं दिवसाउजेडी घेतली, आणि त्याचं कौतुक पाहुण्यांनी दहा ठिकाणी सांगितलं. घरी आला आणि रात्रभर टक्क जागा राहू लागला. मग काय, घरात हाहाकार. हितेशनं दोन डॉक्टरांना फोन केले. रिद्धीनं नवी उशी मागवली, तळपायांना लावायला तेल मागवलं, पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बदलला. फाट्यावरचे लोक विचारू लागले, शेठला झोप लागली का? उगमबाईच्या इतक्या वर्षांच्या जागरणाला कुणी साधी उशी बदलून दिली नव्हती.

ती आत गेली तेव्हा तो छताकडे बघत होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. "कोण आलं होतं?" त्यानं विचारलं.

"जहाँआरा."

त्यानं मान तिच्याकडे वळवली. "काय म्हणत होती?"

"तुमची तब्येत विचारत होती."

"आणखी?"

"आणखी काय विचारणार?" ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तो श्वास तिनं बघितला. मग तो हळूच म्हणाला, "उगम, झोप येत नाही गं. रात्र अशी अंगावर चालून येते. तुला नाही कळायचं." तिला वाटलं, आता ओरडावं. पण त्याच्या पापण्या लवत होत्या, उशीवर डोकं इकडून तिकडे होत होतं, आणि ते तिला इतकं ओळखीचं होतं की तिनं नुसती त्याची उशी सरळ केली. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तिचं जळलं होतं, म्हणून तिला त्याचं कळलं. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसेल एवढं कळलं. तिला त्याची दया आली, आणि दया आली याचा संतापही आला.

तिसरा प्रहर उतरेपर्यंत तिनं ठरवून टाकलं. दूध द्यायचं. निजताना, जहाँआरानं सांगितलं तसं. कुणाला काही बोलायचं नाही, मागचं काढायचं नाही. त्यानं फक्त एकदा म्हणावं, हो, पीत होतो. बस. पाया पडणं नको, माफी नको. तेवढं म्हणाला तर ती म्हणेल, मग मलाही अर्धा पेला द्या. दोघं मिळून महासतीजींकडे जाऊ, नियम सूट ठेवून घेऊ, प्रायश्चित्त देतील ते करू. या वयात कोण फाशी देणार आहे? दोघं एकाच खोलीत गरम दूध पितोय आणि दिवा मालवतोय, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला चक्क लाजल्यासारखं झालं. लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्याला नवऱ्याकडून काहीतरी हवंय असं तिला वाटलं. एवढा एक शब्द त्यानं दिला तर झोप येईल, अशी तिची खात्रीच झाली. दुधानं नाही आली तरी त्या शब्दानं येईल.

सूर्य मावळला. तिनं प्रतिक्रमण केलं, पण मन जागेवर नव्हतं. मग थर्मासातलं दूध तिनं दोन पेल्यांत ओतलं. अजून वाफ निघत होती. त्याच्या पेल्यातली साय चमच्यानं काढली. एक पेला तिनं ओट्यावरच झाकून ठेवला, तो नंतर. दुसरा पदराखाली धरून ती त्याच्या खोलीत गेली, स्टुलावर बसली आणि पेला त्याच्यासमोर धरला. "जहाँआरानं पाठवलंय," ती हळू म्हणाली. "घ्या. साय काढलीय."

फतेचंदनं पेल्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्याच्या नाकपुड्या फुगल्या. वास पोचला होता. क्षणभर त्याचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, आलाच शब्द. ओठ हललेही. आणि तेवढ्यात मागून रिद्धीचा आवाज आला, "पप्पा, पायांना तेल लावू का?" ती तेलाची बाटली घेऊन दारात उभी होती, आणि तिच्या मागे हितेश, दुकानातून नुकताच वर आलेला.

"हे काय?" हितेश म्हणाला. आईला तो बाई म्हणायचा. "बाई, दूध? आत्ता?"

उगमबाई फतेचंदकडे बघत होती. आता म्हणा. पोरांसमोर म्हणा, अजूनच बरं. फतेचंदची नजर पेल्यावरून उठली, पोराकडे गेली, सुनेकडे गेली, आणि उगमबाईनं बघितलं, त्याचा चेहरा सभेतला झाला. हात उशीवरून वर आले आणि जोडले गेले.

"मला चौविहार आहे, उगम," तो म्हणाला. आवाज थकलेला होता, पण दारापर्यंत नीट जाईल असा. "जहाँआरा बिचारी परधर्माची, तिला आपले नियम काय ठाऊक? तिनं मायेनं पाठवलं. पण तू? तुला तर ठाऊक होतं."

"मम्मी, अहो!" रिद्धी म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये सुद्धा पप्पांनी थेंब घेतला नाही. डॉक्टर चिडले तरी नाही घेतला. आणि तुम्ही घरात त्यांचा नियम मोडायला निघालात?"

"तुला जागरणाची काय, बाई, सवय आहे," हितेश म्हणाला. "त्यांना त्रास होतोय म्हणून असं करायचं?"

"असू दे, असू दे," फतेचंद म्हणाला. "तिचा जीव तुटला माझ्यासाठी. बायकांचं मन असतंच कच्चं. तिला काही बोलू नका." त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला. पेला धरलेलं मनगट. हात गरम होता, आणि बोटांनी तिचं मनगट जरासं दाबलं. समजून घे, असं. उगमबाईला बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं. राजमहंमदला हाक मारली असती तर तो भाबडा माणूस पायऱ्या चढून आला असता आणि सगळं हसत हसत सांगून गेला असता. पण मग उद्या फाट्यावर चर्चा कुणाच्या घरच्या दुधाची झाली असती, ते तिला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर तिला ते कुणी दुसऱ्यानं सांगायला नकोच होतं. रिद्धीनं बाटली खिडकीत ठेवली, हितेशनं मान हलवली, आणि दोघं बाहेरच्या खोलीत गेली. टीव्ही लागला.

फतेचंदनं मान दाराकडे वळवून कानोसा घेतला, जोडलेले हात सोडले आणि पुटपुटला, "दार लोटून घे."

ती उठली नाही.

"उगम. दार लोट. आणि आण इकडे, गार होतंय."

त्यानं हात पुढे केला. सराईत हात होता, रोज कुणीतरी पेला त्यात ठेवणार आहे हे जाणणारा. उद्याही हेच. परवाही हेच. ती पेला आणणार, दार लोटणार, बाहेर पोरांचा कानोसा घेत उभी राहणार, तो पिणार आणि झोपणार. आणि ती रिकामा पेला विसळून डाव्या कडेला येऊन पडणार, कोरडी. हा नियमच झाला असता, सूट न ठेवता. आणि तो शब्द तर नाहीच. दार लोटून घे म्हणणं म्हणजेच कबुली, असं दुसऱ्या बाईनं स्वतःला समजावलंही असतं. तिला समजावता येईना.

ती उठली. दार लोटायच्या ऐवजी तिनं ते सताड उघडलं, पार भिंतीला लागेपर्यंत. बाहेरच्या खोलीतलं टीव्हीचा निळा उजेड आत आला. रिद्धीनं मान वळवून बघितलं. उगमबाई परत स्टुलावर येऊन बसली, पेला दोन्ही हातांत धरला आणि प्यायली. घोट घेऊन थांबली नाही. गोड होतं, कोमट होतं, घशातून खाली जाताना जिथं जिथं वर्षानुवर्षं कोरडं होतं तिथं तिथं लागत होतं. फतेचंदचा हात अजून पुढेच होता. तो आधी तिच्याकडे बघत राहिला, तोंड उघडं टाकून, हाताशी आलेली झोप कुणीतरी उचलून न्यावी तसा. मग त्याची नजर उघड्या दाराकडे गेली. रिद्धी उठून उभी राहिली होती. "अहो, मम्मी पितायत!" ती किंचाळली आणि हितेश धावत आला.

तेव्हा फतेचंदनं तो पुढे केलेला हात मागे घेतला, दुसऱ्या हाताला जोडला आणि डोळे मिटून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात, उगमबाईच्या वतीनं म्हणाला, "मिच्छा मि दुक्कडम्. तिला क्षमा कर, प्रभू. पंधरा वर्षांचं पुण्य घालवलं बाईनं. मिच्छा मि दुक्कडम्." त्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते खरं होतं, दूध गेलं होतं आणि समोर अख्खी रात्र होती. रिद्धी रडायला लागली. हितेश म्हणाला, "बाई, तू हे काय केलंस?"

उगमबाईला उत्तर द्यायचं होतं, म्हणून तिनं तोंड उघडलं, आणि तिला जांभई आली. मोठी, जबडा दुखेपर्यंत लांबलेली जांभई, सगळ्यांच्या देखत.